लष्करी पुरवठ्याच्या खोक्यांवर आरएफआयडी टॅग : गोव्यातल्या नवख्या पुरवठादारांसाठी

१९९१ च्या आखाती युद्धात अमेरिकेने सौदी अरेबियाच्या बंदरांवर सुमारे ४०,००० कंटेनर उतरवले. आत काय भरले आहे एवढे कळावे म्हणून त्यांतले निम्म्याहून अधिक कंटेनर उघडावे लागले. माल कमी नव्हता, ढीगच्या ढीग लागले होते. पण हवी ती वस्तू कुठल्या ढिगात आहे हे कुणालाच सांगता येईना. मग तुकड्यांनी तीच मागणी पुन्हा नोंदवली, तिसऱ्यांदा नोंदवली, आणि ढीग वाढतच गेले. लष्करी मालावर आरएफआयडी टॅग, म्हणजे रेडिओ लहरींनी दुरून वाचता येणारी नंबराची चिप, लावण्याचा आग्रह या अनुभवातून जोर धरू लागला. २००४ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याने पुरवठादारांसाठी त्याचे धोरणच जाहीर केले.

आपल्याकडे सप्टेंबर २०२२ मध्ये खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून ५.५६ मिलिमीटर काडतुसांची टॅग लावलेली पहिली खेप पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडाराकडे रवाना झाली. वास्कोत गोवा शिपयार्ड आहे, दाबोळीला नौदलाचा हवाई तळ आयएनएस हंसा आहे. अशा ठिकाणी माल देणाऱ्या किंवा देऊ पाहणाऱ्या वेर्णा, कुंडई, सांकवाळच्या गाळ्यांत पॅकिंगला, स्टोअरला, डिस्पॅचला नव्याने लागलेल्या मुलामुलींसाठी हे लिहितो आहे. खोके तुमच्या हातून निघते तेव्हा पलीकडे कुणीतरी त्या भागासाठी जहाज किंवा विमान थांबवून बसलेले असते, हे डोळ्यांपुढे ठेवूनच पुढचे वाचा.

टॅग काय करतो आणि काय करत नाही

तुमच्या गाडीच्या काचेवरचा फास्टॅग हा याच कुळातला. कोल्हापूरहून पुण्याला जाताना किणीच्या टोलनाक्यावर वर टांगलेला रीडर, म्हणजे टॅग वाचणारे यंत्र, ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात लहरी सोडतो. टॅगमध्ये बॅटरी नसते. रीडरच्या लहरींतूनच त्यातली चिप जागी होते, आणि तेवढ्यासाठी तिला दहा-पंधरा मायक्रोवॅट शक्ती पुरते. मग तीच लहर थोडी बदलून परत पाठवून ती आपला नंबर कळवते. फास्टॅग काचेवर का चिकटवतात, बॉनेटच्या पत्र्यावर का नाही, हे ज्याला नीट समजले त्याला या कामातले अर्धे शास्त्र समजले. त्याकडे पुढे येतो.

बारकोड एकेक करून, समोर धरून वाचावा लागतो. टॅग पुठ्ठ्याच्या आतूनही वाचले जातात आणि सेकंदाला शेकड्यांनी वाचता येतात. पण टॅग सांगतो तो केवळ एक नंबर. खोक्यात पंप आहे की रिकामी पिशवी, हे त्याला ठाऊक नसते. नंबर आणि माल यांची गाठ माणूस घालतो. नवखी माणसे टॅग आणि रीडर निवडण्यात महिना घालवतात आणि ही गाठ घालण्याचे काम ज्याला त्यातले काही सांगितलेले नाही अशा हंगामी कामगारावर सोडतात. माझे ऐकाल तर वेळ उलट वाटून घ्या.

पहिली पायरी : खरेदी नको, आधी पुरवठा आदेश वाचा

टॅग कशावर हवा आहे? प्रत्येक नगावर, खोक्यावर की पॅलेटवर, म्हणजे खोकी रचायच्या फळीवर? नंबर कुठल्या पद्धतीचा? लेबल कुठल्या बाजूला? टॅगची यादी चलनासोबत आधी पाठवायची की मालाबरोबर? पुरवठा आदेशात आणि त्याच्या जोडपत्रांत हे लिहिलेले असते. नसेल तर लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच घ्या. खोक्यावर टॅग मागितलेला असताना एकेका नटबोल्टच्या पुडीवर टॅग लावून दिलात, तर खर्च तुमचा आणि पलीकडच्या स्टोअरकीपरच्या डोक्याला नसता ताप.

दुसरी पायरी : टॅग आणि रीडर निवडणे

बहुतेक पुरवठादारांना लागतो तो बिनबॅटरीचा यूएचएफ (अतिउच्च वारंवारतेचा) टॅग, म्हणजे फास्टॅगच्याच मानकाचा. समोर अडथळा नसेल तर तो पाच ते दहा मीटरवरून वाचला जातो. अमेरिकी लष्कर कंटेनरांवर ४३३ मेगाहर्ट्झचे बॅटरीवाले टॅग लावत आले आहे. त्यांचा पल्ला बराच लांब असतो आणि किंमतही तशीच. खरेदीदाराने नाव घेऊन मागितल्याशिवाय तिकडे वळू नका.

रीडर घेताना एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून पाहा. भारतात २००५ पासून ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा या कामासाठी परवान्याविना खुला आहे, आणि २०२१ च्या नियमांनी तो ८६८ पर्यंत वाढवला. प्रक्षेपकाची शक्ती जास्तीत जास्त १ वॅट, अँटेनातून प्रभावी शक्ती ४ वॅट. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे अनेक रीडर अमेरिकेच्या ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झ पट्ट्यासाठी बनवलेले असतात. त्या पट्ट्याचा मोठा भाग आपल्याकडे मोबाइल सेवेचा आहे. असा रीडर चालू केलात तर नियमभंग होतो आणि शेजारच्या मोबाइल टॉवरलाही त्रास होतो. रीडरला भारतातली मंजुरी आहे का, याचा कागद विक्रेत्याकडून घ्या आणि फाइलला लावून ठेवा.

आणि परवाना लागत नाही याचा अर्थ तो रीडर खांद्याला अडकवून नौदलाच्या फाटकातून आत जाता येईल असा होत नाही. रेडिओ लहरी सोडणारे कुठलेही उपकरण तळावर न्यायचे तर तिथल्या सुरक्षा अधिकाऱ्यांची वेगळी परवानगी लागते. ती आधी काढा. टेम्पो फाटकावर उभा करून मग फोनाफोनी सुरू केली तर तुमच्याबरोबर मागच्यांचाही दिवस जातो.

तिसरी पायरी : नंबर ठरवणे, आणि कमी बोलणे

टॅगच्या चिपमध्ये स्मृतीचे चार कप्पे असतात. एकात तुमचा नंबर असतो, साधारणपणे ९६ बिटांचा. दुसऱ्यात कारखान्यातूनच कोरलेला चिपचा स्वतःचा क्रमांक, जो बदलता येत नाही. तिसरा मोकळ्या मजकुराचा, हा सगळ्या टॅगांत असतोच असे नाही. चौथ्यात दोन पासवर्ड, त्यांतला एक टॅग कायमचा मारून टाकण्याचा.

नंबर मनाने रचू नका. बारकोडचे क्रमांक देणाऱ्या जीएस१ इंडिया या संस्थेकडे नोंदणी केली की कंपनीचा क्रमांक मिळतो. दुकानातल्या मालावर ८९० ने सुरू होणारा बारकोड असतो, तोही त्याच व्यवस्थेतला. त्या क्रमांकावरून पॅलेटचा १८ अंकी नंबर, खोक्याचा नंबर, नगाचा अनुक्रमांक हे सगळे बांधता येते, आणि जगातल्या दुसऱ्या कुणाच्याही नंबराशी ते धडकत नाहीत. खडकीच्या त्या खेपेसाठीही लष्कराने जीएस१ इंडियाचाच सल्ला घेतला होता.

आता सर्वांत महत्त्वाचे. ८६५ ते ८६८ च्या पट्ट्यातला साधा हँडहेल्ड (हातात धरायचा) रीडर ज्याच्याकडे आहे त्याला तुमच्या टॅगचा नंबर वाचता येतो. म्हणून टॅगमध्ये भागाचे नाव, कुठल्या विमानाचा, कुठल्या जहाजाचा, किती नग, यातले काहीही लिहू नका. मोकळ्या मजकुराचा कप्पा तसाच मोकळा सोडा. नंबरामागची माहिती खरेदीदाराच्या आणि तुमच्या बंद डेटाबेसमध्येच राहिली पाहिजे. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या काही लष्करी तुकड्यांनी बंदुकांतच टॅग बसवल्याची बातमी असोसिएटेड प्रेसने दिली, तेव्हा चिंता हीच होती की ज्या लहरीने आपले भांडार मोजायचे त्याच लहरीने शत्रूला आपला माणूस दुरून ओळखता येईल. तुमच्या खोक्याची जोखीम तेवढी मोठी नसेल. तरी एखादा माणूस रस्त्याकडेला उभा राहून या आठवड्यात किती पॅलेट गेली हे मोजू शकत असेल, तर ती माहितीही बाहेर जायला नको होती. पासवर्ड घालून नंबराचा कप्पा कुलूपबंद करायला विसरू नका, नाहीतर कुणीही त्यावर दुसरा नंबर लिहील.

चौथी पायरी : टॅग चिकटवणे

या पायरीवर घाई करू नका, कारण वाचन न होण्याच्या बहुतेक तक्रारी इथूनच सुरू होतात.

८६६ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ३५ सेंटिमीटर. टॅगची अँटेना तिच्या हिशेबाने आखलेली असते, आणि धातूच्या पत्र्याला टेकली की तो हिशेब कोलमडतो. म्हणून तर फास्टॅग काचेवर. हे स्वतः करून बघा. लोखंडी पेटीवर साधा टॅग थेट चिकटवा, हँडहेल्ड वीतभर अंतरावर आणा. बहुधा तो दिसणारच नाही. मग पाच-सहा मिलिमीटर जाडीचा फोमचा तुकडा मध्ये घाला. तोच टॅग चार पावलांवरून बोलायला लागेल. रोजच्या कामासाठी फोमचा जुगाड न करता धातूवर लावायचे खास टॅग मिळतात तेच घ्या. महाग असतात, पण लोखंडी पेट्यांना दुसरा इलाज नाही.

दुसरी अडचण आपल्या किनाऱ्याची. खाऱ्या हवेत सुटा भाग गंजू नये म्हणून तो गंजरोधक कागदात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुडीसह, अॅल्युमिनियमचा थर असलेल्या पिशवीत घालून पिशवी तापवून बंद करतात. पॅकिंगवाला टॅग भागालाच चिकटवून पिशवी बंद करून मोकळा होतो. त्या थराच्या आत लहर शिरत नाही आणि टॅग असून नसल्यासारखा होतो. तपासण्यासाठी पिशवी फाडली की गंजापासूनचे संरक्षणही गेले. टॅग पिशवीच्या बाहेर, खोक्याच्या पृष्ठभागावर हवा. पिशवी खोक्याच्या त्याच बाजूला टेकलेली नको, मध्ये पुठ्ठ्याची किंवा फोमची जागा हवी.

पाणीही लहर पिऊन टाकते. द्रवाच्या कॅनचे पॅलेट असेल तर मधल्या रांगेतले टॅग वाचले जातील अशी आशा धरू नका. टॅग बाहेरच्या तोंडाला येतील अशी रचना करा, किंवा अशा मालाला पॅलेटचाच टॅग द्या. लाकडी क्रेट पावसात भिजली की तीही पाण्यासारखीच वागते. लोखंडी पट्टी, खिळे, कोपऱ्याचे पत्रे यांच्यापासून टॅग चार बोटे तरी लांब ठेवा. दोन खोकी एकमेकांना लागून रचल्यावर टॅगवर टॅग टेकणार नाही हेही पाहा.

लेबल कागदाचे नको. आषाढात आपल्या गोदामात पुठ्ठाच मऊ पडतो, तिथे कागदी लेबल किती टिकणार? पॉलिएस्टरचे लेबल आणि छपाईसाठी रेझिनची रिबन घ्या. मेणाच्या रिबनची छपाई ओल्या हाताने पुसली जाते. चिकटवण्याआधी जागा स्पिरिटने पुसा, कोरडी होऊ द्या, लेबल अंगठ्याने दाबत बसवा. गोंद पूर्ण पकडायला एक दिवस तरी द्या. लेबलवर टॅगचा नंबर बारकोडमध्ये आणि साध्या अंकांतही छापलेला हवा. टॅग मेला तरी खोके मुके होता कामा नये.

पाचवी पायरी : गाठ घालणे

टेबलावर एका वेळी एकच खोके. रीडरची शक्ती कमी करून ठेवा, म्हणजे समोरचाच टॅग वाचला जाईल. टॅगांचे नवे रोल त्याच टेबलावर पडलेले असतात आणि रीडर त्यांतलाच एखादा नंबर उचलतो. ही चूक कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण स्क्रीनवर हिरवी खूण दिसते. रोल लोखंडी कपाटात ठेवा आणि दार लावा. पत्रा लहर अडवतो, इथे ते आपल्या फायद्याचे.

मग टॅगचा नंबर, पार्ट नंबर, लॉट नंबर, नग, तयार झाल्याची आणि मुदत संपण्याची तारीख, तपासणी नोंदीचा क्रमांक हे सगळे एकत्र नोंदवा. पार्ट नंबर हाताने टाइप करू देऊ नका, बारकोडवरूनच उचला. सैन्यात चालणारा वस्तुक्रमांक १३ अंकी असतो आणि त्यात दोन अंक उलटसुलट झाले तर नोंद भलत्याच वस्तूच्या नावावर जाते. खोके बंद करणारा आणि नोंद तपासणारा ही दोन वेगळी माणसे हवीत. छोट्या गाळ्यात माणसे कमी असतात हे मला कळते, तरी या एका ठिकाणी मी हट्ट धरीन.

इराक युद्धानंतर, २००३ च्या डिसेंबरात, अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने पाठवलेला माल आणि मिळाल्याची नोंद यांत १.२ अब्ज डॉलरची तफावत दाखवली. टॅग तेव्हाही होते. पण ते सगळीकडे सारख्या शिस्तीने वापरले जात नव्हते. माल निघाल्याची नोंद होती, पोचल्याची नव्हती. तुमच्याकडून खोके निघताना नोंद झाली, मध्ये गोदाम बदलताना झाली नाही, तर खरेदीदाराच्या पडद्यावर ते खोके अजून तुमच्याच दारात उभे असते.

सहावी पायरी : गोदामाच्या दारावरचे वाचन

आपल्या औद्योगिक वसाहतींतल्या बहुतेक शेड पत्र्याच्या. लहरी भिंतींवरून, छपरावरून उसळतात आणि काही जागी एकमेकींना मारतात. पॅलेट अशा मेल्या जागी उभे राहिले तर टॅग दिसत नाही, आठ-नऊ सेंटिमीटर सरकवले की दिसतो. म्हणून पॅलेट उभे करून वाचू नका, ढकलत्या गाडीवर चालते ठेवून वाचा. दाराच्या दोन्ही बाजूंना अँटेना हव्यात.

उलटी अडचणही होते. शक्ती पूर्ण ठेवली तर आत रचून ठेवलेला, आज न जाणारा मालही वाचला जातो आणि 'गेला' म्हणून नोंदला जातो. शक्ती हळूहळू कमी करत आणा, दारातून जाणारा शंभर टक्के आणि आतला शून्य वाचला जाईल तिथे थांबा. दारावर आत-बाहेर दिशा ओळखणारा सेन्सर बसवलात तर आणखी चांगले.

वाचन माल टेम्पोत चढताना करा. बंद पत्र्याच्या टेम्पोचे दार लागल्यावर बाहेरून काहीही वाचता येत नाही. ताडपत्रीच्या गाडीत वाचता येते, पण ताडपत्री पावसाने चिंब असेल तर तिथेही भरवसा नाही.

आणि चाचणी कधी घ्यायची? एप्रिलमध्ये कोरड्या पुठ्ठ्यावर घेतलेली चाचणी जुलैला लागू पडत नाही. पावसाळ्यात, भिजलेल्या क्रेटवर, खऱ्या मालाने भरलेल्या खोक्यांवर घ्या. चतुर्थीच्या सुट्टीनंतर गाळा उघडलात की बंद असताना दमट हवेत राहिलेली सगळी खोकी पुन्हा एकदा वाचून घ्या, लेबलांचे कोपरे सुटले आहेत का ते हाताने पाहा.

दारूगोळा किंवा स्फोटक भाग असेल तर

बिनबॅटरीचा टॅग आपणहून लहरी सोडत नाही, सोडतो तो रीडर. विजेवर पेटणाऱ्या स्फोटक घटकांच्या तारा अँटेनासारख्या वागू शकतात आणि जवळच्या प्रबळ लहरीने त्यांत प्रवाह येऊ शकतो. म्हणून रीडर किती शक्तीचा आणि किती अंतरावरून चालवायचा हे त्या मालासाठी अधिकृतपणे ठरवून दिलेले असते. ते अंतर स्वतः अंदाजाने ठरवू नका, आणि लेखी मंजुरी हातात येईपर्यंत हँडहेल्ड त्या खोलीत नेऊ नका. मोबाइल फोन आणि वॉकीटॉकीलाही हाच नियम. पुलगावच्या याच भांडारात ३१ मे २०१६ रोजी लागलेल्या आगीत जवान आणि अग्निशमन कर्मचारी मरण पावले. त्या आगीचा टॅगशी संबंध नाही. तो माल कसा असतो हे मनावर बिंबावे म्हणून सांगतो.

माल पोचल्यावर आणि त्यानंतर

चलनासोबत टॅगांची यादी छापून द्या, फाइल वेगळी पाठवा. पलीकडे वाचन झाले की त्यांची पोच मागा आणि आपल्या यादीशी एकेक नंबर ताडून घ्या. एक खोके कमी वाचले गेले तर आधी बारकोड, मग छापील अंक, मग प्रत्यक्ष मोजणी, या क्रमाने जा. टॅग मेलेला निघाला तर नवा लावून जुना नंबर 'रद्द, बदली अमुक' असा नोंदवा. जुना नंबर पुसून टाकू नका, मालाचा इतिहास त्याच्याशी बांधलेला असतो.

रिकामी क्रेट परत येते तेव्हा तिच्यावरचा टॅग जिवंतच असतो. ती तशीच दुसऱ्या मालासाठी वापरली तर दारावरचा रीडर जुना माल पुन्हा निघाला असे समजतो. भंगारात गेली तर तुमचे नंबर वास्कोच्या भंगारवाल्याच्या आवारात वाचता येतात. क्रेट आत घेतानाच टॅग वाचा, नोंदीत बंद करा, मारण्याच्या पासवर्डने चिप निकामी करा आणि लेबल अँटेनासकट फाडून काढा. एकदा पुन्हा रीडर फिरवा. काहीच उत्तर आले नाही की मगच क्रेट गोदामात घ्या.